तात्पुरता खिळा

आचऱ्याची गावपळण बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला गेलं, की तो आधी हसतो आणि मग आपल्याकडे जरा जपून बघायला लागतो. देवाने कौल दिला की सगळा गाव उठतो आणि तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. सगळा म्हणजे सगळा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातलं पोर आणि खाटेवरचं म्हातारं. मागे गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. का, असं कोणी विचारत नाही. आजाने केलं, बापाने केलं, आपणही करायचं. आणि तीन-चार वर्षांतून एकदा आभाळाखाली राहून शेजाऱ्याच्या चुलीवरचं माशाचं कालवण खायला मिळत असेल, तर तक्रार कोण करणार?

शेवंतीला मात्र त्या साली पळण नको होती. तिचा नवरा दत्ताराम गोव्यात होता, आणि गोवा आठवड्यापूर्वीच मोकळा झाला होता.

दत्ताराम ड्रायव्हर. मालवणच्या एका वकिलाने वापरून वापरून टाकलेली फोर्ड त्याने घेतली होती आणि तिच्यातून तो भाड्याची माणसं नेई. नवऱ्या न्यायच्या, बाळंतिणी न्यायच्या, मुंबईहून बोटीने उतरलेले चाकरमानी बंदरावरून घरी पोचवायचे. गाडी म्हातारी होती, पण त्याचं ऐकायची. मग सरकारी मोटार सुरू झाली. तिची वेळ ठरलेली आणि वरचं छप्पर धड. ‘दत्तारामाची गाडी ती दत्तारामाची गाडी,’ असं म्हणत म्हणत लोक सरकारी मोटारीत जाऊन बसू लागले. तेव्हा गोव्यात लोखंडाच्या खाणींवर ट्रक हाकणारे हवे होते. ‘चार म्हयने जातंय, चार नवे टायर घेवन येतंय,’ असं सांगून तो आरोंद्याच्या तरीवरून पलीकडे उतरला, आणि पाठोपाठ हद्द बंद झाली.

पहिली दोन वर्षं कोणाच्या ना कोणाच्या तोंडी निरोप यायचा. मग निरोप थांबले आणि बातम्या सुरू झाल्या. तिकडे गोव्यात सांग्याला त्याने दुसरा संसार मांडलाय, असं एकाने सांगितलं. पोर्तुगीज पाखल्यांनी तुरुंगात डांबलाय, असं दुसऱ्याने. काही जण काहीच सांगत नसत, शेवंतीचं कुंकू बघून नुसते ‘च्च’ करत. त्या ‘च्च’वाल्यांचा तिला सगळ्यांत जास्त राग येई.

तिच्याजवळ एक खूण होती. ती तिने कोणालाच सांगितली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी दत्ताराम गाडीचं मागचं डावं चाक खोलून बसला होता. ब्रेकमध्ये काहीतरी घासत होतं. ते झालं, त्याने ड्रम परत चढवला, मधला मोठा नट पान्याने आवळला, आणि बघतो तर डब्यात पिन नाही. ही पिन नटातून आणि ॲक्सलमधून आरपार घालतात. दुमडलेल्या मऊ तारेची असते, पण ती असली म्हणजे नट चालता चालता सैल होत नाही. ‘गो शेवंत्या, होडयेचो एक खिळो दी बघया,’ तो म्हणाला. होडीच्या डागडुजीचे चौकोनी खिळे घरात असत. तिने एक आणून दिला. तो त्याने कानशीने घासून भोकात ठोकून बसवला, दोन्ही बाजूंची टोकं कापून सपाट केली आणि वर ग्रीसचा हात फिरवला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, “ह्यां तात्पुरता हां. खिळ्यार गाडी ठेवची नसता. परत इलंय काय पिन घालतंय.”

आता दत्ताराम हा काही देवमाणूस नव्हता. बाजारात मिठासाठी पाठवलं तर गूळ घेऊन येणारा गडी. पण गाडीच्या कामात त्याने कधी अर्धवट टाकलेलं शेवंतीने पाहिलं नव्हतं. तो बायकोला विसरेल, आईला विसरेल, हे एक वेळ ती मान्य करी. चाकात तात्पुरता खिळा ठेवून तो कायमचा निघून जाईल, हे मात्र तिला कोणीही सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

म्हणून तिने गाडीला कोणाला हात लावू दिला नाही. धाकटा दीर महादू एकदा गिऱ्हाईक घेऊन आला, तर ‘इंजनात सर्प आसा’ म्हणून तिने त्याला मांगराच्या दारातूनच परत पाठवला. घराला लागून मांगर, मांगरात गाडी, आणि रोज सकाळी अंगण झाडून झालं की तिचा हात त्या चाकाच्या टोपीवरून फिरायचाच.

आणि आता हद्दीवरच्या इन्सुलीकडून, आरोंद्याकडून माणसं परतायला लागली होती. पलीकडे अडकलेला एक आरोंदेकर इतक्या वर्षांनी घरी आला आणि आईने त्याला ओळखलंच नाही, ही गोष्ट जो तो सांगत होता. शेवंती मोटारीच्या वेळेला दारापुढच्या खळ्यात येऊन उभी राहू लागली. आणि नेमका त्याच आठवड्यात कौल झाला, पळणीचा दिवस ठरला.

तिची भीती अशी, की तो नेमका त्या तीन दिवसांतच येईल. येईल तर दार बंद, चूल गार, गावात चिटपाखरू नाही. आचऱ्याचाच माणूस तो, पळण आहे हे त्याला कळेल. पण वेशीबाहेर चारी दिशांना झोपड्या, त्यात घरचे कुठे आहेत हे कोणाला विचारणार? आणि इतक्या वर्षांनी येणारा माणूस मुळात येतोच अर्ध्या मनाने. तोंड कसं दाखवू, या लाजेने तो पावलोपावली थांबत असणार. अशा माणसाला बंद दार दिसलं तर तो उलट्या पावली परत जाईल, आणि आपल्याला कधी कळणारही नाही की आला होता. तिने देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय तेच तिला सुचेना. पळण रद्द कर, असं काही देवाला सांगता येत नाही.

इकडे सासूने वेगळंच काढलं. हौसाबाई वर्षापूर्वी विहिरीवर घसरून कमरेत मोडली होती, तेव्हापासून पडवीतली खाट हेच तिचं राज्य. महादू म्हणाला, “आये, तुका डोली करून व्हरतंव.”

“डोली?” हौसाबाई उशीवरून मान उचलून म्हणाली. “माझ्या झिलाची मोटार दारात आसताना मी डोलयेतसून जाव? खांद्यार मी एकदाच जातलंय, नि तां अजून नाय. माका मोटारीतसून व्हर. नायतर हयसरच रवतंय, देवाक काय सांगूचा तां सांग.”

“आये, मोटार चलता खंय? इंजनाचो खुळखुळो झालोहा.”

“बैल आसत मां?”

महादूने कपाळावर हात मारला. पण आईपुढे त्याचं काही चालायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मोटारीला बैल जुंपायची कल्पना त्याला मनातून आवडली होती. चाकांत हवा राहत नव्हती, म्हणून त्याने टायरांत पेंढा ठासून भरला. धुरा बांधली. बैल जोडून बघितले तर तीन चाकं फिरली आणि मागचं डावं जागचं हलेना. ब्रेकच्या पट्ट्या गंजून ड्रमला चिकटल्या होत्या.

“ओढून व्हरूया तसाच. एक चाक फरफाटला तर फरफाटला,” महादू म्हणाला.

“नको,” खाटेवरून आवाज आला. “चारय चाकां फिराक होयी.”

म्हातारीला चार चाकांशी काय करायचं आहे, हे कोणाला कळेना. शेवंती मात्र जाऊन त्या चाकापाशी उभी राहिली. चाक सोडवायचं म्हणजे ड्रम काढायचा, आणि ड्रम काढायचा म्हणजे नट.

पळणीच्या दिवशी सकाळीच महादूने मालवणहून गुरुदास मिस्त्रीला आणलं. गुरुदास आणि दत्ताराम एकाच गॅरेजात काम शिकलेले. त्याने मांगरात शिरल्या शिरल्या गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि बाकी कोणाशी न बोलता चाकाची टोपी काढली. नटावर गंजाची आणि वाळलेल्या ग्रीसची खपली होती. ती खरवडून तो म्हणाला, “पिनाची टोकां खावन गेलीहत. भितूर ऱ्हवला आसात थोडा, तां तुटात जोर लायल्यार. मऊ आसता ती.”

शेवंती दाराशी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. ‘पिन न्हय ती,’ हे शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिने ते गिळले. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द सांगितला की खिळा निघणार, आणि खिळा निघाला की ‘तात्पुरतं’ म्हणून जे काही होतं ते संपणार. नट धरून बसला आहे तोवर दत्तारामाचं काम अजून पुरं व्हायचं आहे. तिने कळशी खाली ठेवली.

गुरुदासने घासलेट ओतलं, वाट बघितली, पाना लावला. नट हलला नाही. पान्याला पाइप लावून तो आणि महादू दोघे लोंबकळले. नट हलला नाही, पाइप तेवढा वाकला. मग त्याने भडक्याचा दिवा पेटवून नट तापवला, हातोडीने चारी अंगांनी ठोकला, पुन्हा पाना लावला. पाना निसटला आणि महादू उताणा जाऊन कोंबड्यांच्या डालग्यावर पडला.

“दत्तारामान आवाळलेलो मा, म्हणान,” गुरुदास घाम पुसत म्हणाला. “तेचो हात म्हणजे कुलूप.”

एव्हाना वाडीतले चारपाच जण जमले. आपल्याकडे अडलेल्या कामाभोवती माणसं जमायला वेळ लागत नाही, आणि प्रत्येकाजवळ एकेक उपाय असतो. एकाने खोबरेल तेल सांगितलं. एकाने चिंचेचं पाणी. एकाने तर, बाईमाणसाची सावली पडते म्हणून नट सुटत नाही, असा शोध लावला. शेवंती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, तसा तो बिडी शोधायला लागला. शेवटी महादूने नारळ आणला आणि चाकापुढे ठेवून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुझ्या हुकमान आमी गाव सोडतंव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले आणि पाइपाला झोंबले.

“म्हातारी आवस गाडयेत बसान येवक बघता रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर जा काय आडा आला आसात, ज्या कोणाच्या मनात काय आसात, तां दूर कर, नि ह्यो नट सोडय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेवंतीने एकटीने ‘व्हय’ म्हटलं नाही. ज्या कोणाच्या मनात, हे ऐकून ती दाराआड सरकली. देव सगळं ऐकतो हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, पण इतक्या जवळून ऐकतो असं तिला वाटलं नव्हतं.

नट काही सुटला नाही. देवालासुद्धा घाई नव्हती.

सूर्य माथ्यावर आला. रस्त्यावरून गाड्या जायला लागल्या; गाडीत टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, मागे वासरं आणि आरडाओरडा करणारी पोरं. गुरुदासने रस्त्याकडे एक नजर टाकली आणि पिशवीतून छिन्नी काढली. “याच्या वयर जोर लायलो तर ॲक्सलाचा तोंड मोडात. नट फाडूक होयो. भितूरचा पिन-बिन सगळा एकदम कापून टाकतंय.”

त्याने छिन्नी टेकवली आणि पहिला घाव घातला. ठिणगी उडाली. दुसऱ्या घावासाठी हातोडा वर गेला आणि शेवंती मधे येऊन चाकाला पाठ लावून उभी राहिली.

“फाडू नकात! तेच्यात पिन नाय. खिळो आसा. होडयेचो.”

हातोडा वरच्या वर थांबला.

“तुका कसा म्हायत?” महादूने विचारलं.

“मियांच दिल्लो.”

“नि सकाळधरना तू आमचो तमाशो बघीत रवलंस? माझी कंबर मोडली गो वयनी!”

शेवंतीने तोंड चाकाकडे वळवलं. तिला रडू आलं होतं आणि ते इतक्या पुरुषांसमोर यायला नको होतं. गुरुदासने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि महादूला म्हणाला, “तू जा, बैलांका पाणी दाखय. नि तुमीय सगळे आपापल्या घराकडे जावा बघया, पळण सोडून हयसर काय जत्रा आसा?”

माणसं पांगली. गुरुदास पाटावर बसला, नटाच्या कडेला बोट फिरवून त्याने चौकोनी टोक चाचपलं.

“तात्पुरतो म्हणान घातल्यान?”

“तात्पुरतो. इलंय काय पिन घालतंय, म्हणालो.”

गुरुदासने छिन्नी पिशवीत परत टाकली. “गॅरेजात एकदा मी खिळो घातलंय तर माझ्या थोबाडीत मारल्यान तेणां,” तो म्हणाला. “दत्ताराम खिळो ठेवन जायत, तर तो येवचो होतो वयनी. लोक काय्येक बोलांदेत.”

“येवचो आसा,” शेवंती म्हणाली.

“व्हय. येवचो आसा.” भिंतीपलीकडे पडवीतली खाट करकरली.

त्याने बोथट टोकाची सळी लावली आणि हलक्या हाताने ठोकायला सुरुवात केली. गंजाची लाल भुकटी झडली. खिळा आधी केसभर सरकला, मग पेरभर, आणि पलीकडून निघून शेवंतीच्या ओंजळीत पडला. तो ऊन होता. गुरुदासने पाना लावला. ‘कर्र’ असा एक आवाज झाला आणि नट फिरला. गंज सगळा वरवरचा होता. आतले आटे काळ्याभोर ग्रीसने भरलेले, जसे त्याने भरले तसेच.

ग्रीसचा वास आला. शेवंतीने बोट बुडवून नाकाशी नेलं. संध्याकाळी जेवायला बसण्याआधी राख लावून घासले तरी त्याच्या हातांना हाच वास राहायचा, आणि ती नाक मुरडायची. ‘हात आधी धुवा,’ असं ती किती वेळा म्हणाली असेल! आता ते हात न धुता कोणी आणून तिच्या डोक्यावर ठेवले असते, तर तिने आणखी काही मागितलं नसतं. ती चाकापाशी खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. गुरुदास तिच्याकडे पाठ करून ड्रमशी खटपट करत राहिला.

ड्रम निघाला. चिकटलेल्या पट्ट्या त्याने काढून बाजूला ठेवल्या. “बैलांच्या गाडयेक ब्रेक कित्याक?” तो म्हणाला. ड्रम परत चढला, नट परत आवळला. मग त्याने आपल्या डब्यातून कोरी चकचकीत पिन काढली.

“आता ही घालतंय.”

शेवंतीने मूठ उघडून पुढे केली. “खिळोच घाल.”

“वयनी, पिन आसताना खिळो? लोक माका हसतले.”

“पिन तो घालतलो.”

गुरुदासने पिन डब्यात टाकली, खिळा घेतला आणि जसा होता तसा ठोकून बसवला.

हौसाबाईला उचलून मागच्या गादीवर बसवलं तेव्हा ती नवं लुगडं नेसली होती. बैल जोडले. महादूने हाक मारायला तोंड उघडलं, तोच म्हातारी म्हणाली, “रव. सगळ्यांका फुडे जावंदे.”

“आये, सकाळधरना जीव खाल्लंस—”

“रव म्हटलंय मां. ढोरांय जावंदेत. आपली गाडी सगळ्यांच्या मागसून.”

मग ते थांबले. माणसं गेली, गाड्या गेल्या, म्हशी धूळ उडवत गेल्या. ‘काय हौसाबाय, वरात खंयची?’ असं जाणारा येणारा विचारत होता आणि म्हातारी पदर सावरून हसत होती. शेवंतीला वाटलं, म्हातारीला मिरवायचं आहे. मिरवू दे बापडीला. शेवटचं वासरू वळणाआड गेलं आणि मगच फोर्ड हलली. चारही चाकं फिरली. आचऱ्याने पुष्कळ वराती पाहिल्या असतील, पण बैलांनी ओढलेली मोटार, वाकलेला पाइप खांद्यावर घेऊन चालणारा मिस्त्री आणि रित्या गावाकडे वळून वळून बघणारी सून, अशी वरात पाहिली नसेल.

चिंदरच्या बाजूची वेस ओलांडली तशी हौसाबाईने हाक मारली. “शेवंत्या, मागे बघ गो. चाकोरी उमाटली मां नीट?”

शेवंतीने मागे पाहिलं. सगळ्या गावाच्या पावलांवर, सगळ्या खुरांवर लाल मातीत चाकांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. मागच्या डाव्या टायराला दत्तारामाने कधीतरी जाड कातड्याचं ठिगळ शिवलं होतं. त्याचा चौकोनी ठसा दर फेऱ्याला एकदा पडला होता, थेट दारापासून.

“उमाटली, आये.”

“ठिगाळ?”

“ठिगाळय दिसता.”

“मगे बरा. दार बंद बघल्यान तरी आपला ठिगाळ वळाखतलो तो. चाकोरी धरून येतलो.”

शेवंती रस्त्यातच उभी राहिली. इतकी वर्षं दोघी एका घरात, एका चुलीपुढे. एकीने दुसरीजवळ त्याचं नाव म्हणून काढलं नव्हतं. सासूला वाईट वाटेल म्हणून सून गप्प, सुनेला वाईट वाटेल म्हणून सासू गप्प. आणि दोघींना तीच एक भीती पोखरत होती. तिला धावत जाऊन म्हातारीच्या कुशीत शिरावंसं वाटलं. पण तिने केलं ते एवढंच, की रस्ता सोडून ती कडेच्या गवतावर चढली. आपलं पाऊल चाकोरीवर पडायला नको.

तीन दिवस सगळा गाव माळावर मजेत होता. भजनं झाली, पत्ते झाले, कोणाचं तरी लग्नही जमलं. शेवंतीने भाकऱ्या भाजल्या, सासूला न्हाऊ घातलं. मन मात्र वेशीकडच्या वळणावर होतं. तिथून कोणी वळलं की तिचा हात थांबायचा, आणि माणूस जवळ आला की पुन्हा चालू व्हायचा.

चौथ्या दिवशी परतायचा कौल झाला. यावेळी हौसाबाईने उलटा हुकूम सोडला. “आपली गाडी सगळ्यांच्या आधी.”

शेवंती बैलांच्याही पुढे चालत होती, गवतावरून, मान खाली घालून. चाकोरी जशीच्या तशी होती. ठिगळ, मग मोकळी माती, पुन्हा ठिगळ. एके ठिकाणी कोल्हा आडवा गेला होता. पुढे मोर नाचून गेले होते. एका जागी साप रस्ता ओलांडून गेल्याची नागमोडी रेघ होती. प्रत्येक वळणाला तिचं पाऊल झपाझप पडायचं आणि वळण गेलं की मंदावायचं. वाडी आली, घाटी आली, खळं आलं. दाराला कुलूप होतं तसं होतं. सबंध वाटेत माणसाचं एकही नवं पाऊल नव्हतं.

गाडी मांगरापुढे थांबली. हौसाबाईने काचेच्या रिकाम्या चौकटीतून डोकं बाहेर काढलं.

“काय गो? पावलां दिसतत?”

शेवंतीने मान वर केली नाही. “वारो झालो आसात, आये. काय्येक कळना नाय.”

म्हातारी माडांकडे बघत राहिली. “वारो खंय होतो गो,” ती हळूच म्हणाली. “तीन दिवस पान हाललां नाय.”

महादू मुकाट्याने बैल सोडायला लागला. मागून गाव येत होता. त्यांच्या गुरांच्या घंटा, पोरांचा ओरडा, आणि चाकोरीवर पडणारी शेकडो पावलं.

“शेवंत्या,” हौसाबाई म्हणाली, “खिळो जाग्यार आसा मां?”

शेवंती मागच्या डाव्या चाकापाशी वाकली. पदराने धूळ पुसून तिने नटाच्या कडेला बोट लावलं. चौकोनी टोक बोटाला लागलं.

“आसा, आये.”

“मगे झाला,” म्हातारी म्हणाली. “माका खाली घेवा. नि चूल पेटय.”